खान्देशकरांनो, नुकताच कोणता पिक्चर पाहिलात? आणि त्यात आपल्याकडचं काय सापडलं?

मेहरूणची बोरं

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. 'स्थळ' जळगावात लागला म्हणून मी आणि वहिनी ऊन डोक्यावर घेऊन पावणेबाराला थेटरात पोचलो. खिडकीवरचा म्हणाला, "मॅडम, तुम्ही दोघी आणि ते काका, तीनच झाले. पाच झाल्याशिवाय शो लावत नाही." शेजारच्या पडद्यावर हिंदी आहे, तिकडे बसा म्हणे. काका बिचारे पिशवीत पाण्याची बाटली आणि घडी घातलेला पेपर घेऊन आले होते. आम्ही तिघं बाकावर पाऊण तास बसलो, अजून दोघं येतील म्हणून. कोणी फिरकलं नाही. काका "उद्या बघू" म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी पिक्चरच उतरला.

शेवटी परवा घरी बघितला, आईला शेजारी बसवून. चंद्रपूरकडचं डोंगरगाव, कापूसवाल्याची मुलगी सविता, शेवटच्या वर्षाला शिकतेय, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. आणि घरात एकामागून एक पाहुणे. तेच पोहे, तोच पाट, तेच प्रश्न: नाव काय, शिक्षण काय, उंची किती. जयंत सोमलकर या दिग्दर्शकाचा हा पहिलाच मोठा पिक्चर आणि काम करणारे बहुतेक गावातलेच लोक. २०२३ मध्ये टोरोंटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅकचं, म्हणजे आशियाई सिनेमासाठीचं, बक्षीस मिळालं होतं. टोरोंटोत लागला, जळगावात पाच माणसं जमली नाहीत.

तिसऱ्यांदा पाहुणे आले तेव्हा आई मेथी निवडता निवडता म्हणाली, "आमच्या वेळी चालून दाखवायला लावायचे. लंगडते का ते बघायला." एवढंच. मग परत मेथी.

भाषा वऱ्हाडाच्याही पलीकडची, पण घर आमच्या मामांचं. कापूस विकला की पोरीचं उरकू, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. एका वर्षी भाव पडला म्हणून मामांनी कापूस विकलाच नाही, पुढच्या खोलीत छतापर्यंत रचून ठेवला. रात्री सगळ्यांच्या अंगाला खाज. मामेबहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा बसायला तीच खोली. मुलाचे वडील काळी पॅन्ट घालून आले होते. उठले तेव्हा मागून पांढरेशुभ्र. मामी पदर तोंडाला लावून आत पळाल्या, आणि सांगायची हिंमत एकाचीही झाली नाही. तसेच एसटीत बसून गेले.

तर धाग्याचा विषय हाच. गेल्या काही महिन्यांत काय पाहिलंत, आणि त्यात आपल्याकडचं काय सापडलं? आपल्याकडचा पिक्चर असेल असं नाही. तो नसतोच.

कळण्याची भाकर

ताई, मी भुसावळचा. 'साबर बोंडं' नाव वाचून मला वाटलं कापसाचा पिक्चर आला. शपथ. आपल्याकडे बोंड म्हटलं की एकच बोंड, आणि त्यामागून बोंडअळी. मी बापूला म्हटलं, चला बापू, तुमचा पिक्चर. त्यांनी ट्रेलर पाहिला आणि म्हणाले, "हे तर निवडुंगाचं फळ आहे रे, आम्ही लहानपणी खायचो, जीभ लाल व्हायची." मग बघूच म्हणाले.

मी जरा घाबरलेलो होतो. बाप वारल्यावर मुंबईचा मुलगा दहा दिवसांच्या सुतकाला गावी येतो, नातेवाईक लग्नाचा तगादा लावतात, आणि त्याचं लहानपणच्या मित्रावर प्रेम आहे. बापूंसोबत हे कसं बघायचं? बापू शेवटपर्यंत गप्प बसून बघत होते. संपल्यावर म्हणाले, "दहा दिवस चहात दूध नाही, पायात चप्पल नाही, बरोबर दाखवलंय." मित्राबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना एकदम म्हणाले, "त्याच्या आईला माहीत होतं ना सगळं? चांगली बाई होती." भो, मी वरण वाढायचं विसरलो.

रोहन कानवडेंच्या या पिक्चरला यंदा अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठं बक्षीस मिळालं, म्हणून तरी थेटरवाल्याने लावला. संथ आहे. कॅमेरा जागचा हलत नाही. ज्यांना दर दोन मिनिटांनी काहीतरी घडायला लागतं त्यांनी जाऊ नये.

दांडपट्टा

संथ म्हणजे कंटाळवाणा असं सरळ म्हणा ना. 'स्थळ' पण तसाच. एकच सीन पाच वेळा. कळलं की पहिल्यांदाच! मला विचाराल तर या वर्षीचा पिक्चर एकच, 'छावा'. पहिल्या शोला गेलो होतो, लोक खुर्चीवर उभे होते. शेवटी अख्खं थेटर रडत होतं. याला म्हणतात पिक्चर.

मेहरूणची बोरं

एकच सीन पाच वेळा, अरे दादा, तेच तर दाखवायचं आहे. तुला दोन तासांत कंटाळा आला. ती पोरगी दर वेळी त्याच पाटावर बसते.

पांझराकाठ

दांडपट्टा, पोरा, 'छावा' तू पाहिलास पण सुरुवात नीट पाहिलीस का? पिक्चर उघडतो तोच बऱ्हाणपूरवर. १६८१ ची स्वारी. बऱ्हाणपूर म्हणजे कोण? फारुकी राजांपासून खान्देशाची राजधानी, मोगलांच्या खान्देश सुभ्याचं ठाणं, दक्षिणेचा दरवाजा. मुमताज महल वारली ती तिथेच, १६३१ ला. आज ते मध्यप्रदेशात आहे म्हणून आपण विसरलो. भुसावळहून गाडीत बसलास तर तासाभरात उतरशील. तर आपला खान्देश यंदाच्या एवढ्या मोठ्या पिक्चरमध्ये पहिल्या पंधरा मिनिटांत आहे, फक्त लुटला जाताना आहे.

बाकी पिक्चरबद्दल माझं मत: आवाज फार. ढोल, आरोळ्या, परत ढोल. विकी कौशल चांगला आहे, त्याला दोन मिनिटं गप्प बसू दिलं असतं तर आणखी चांगला दिसला असता.

दांडपट्टा

काका, बऱ्हाणपूरचं खरंच माहीत नव्हतं. आवाजाचं मान्य नाही.

लूमचा खडखडाट

सलाम सगळ्यांना. मालेगावकर हाजिर. 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' चं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून आलो.

आमच्या गावाचं गणित समजून घ्या. बाकी महाराष्ट्राला रविवारी सुट्टी, आमच्याकडे शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद. आणि नवा पिक्चर लागतो तो पण शुक्रवारीच. म्हणजे हफ्त्याचा पगार खिशात, नमाज झाली, आंघोळ झाली, आणि थेटरसमोर गर्दी. मालेगावात पिक्चरचं वेड कुठून आलं विचारणाऱ्याला मी एवढंच सांगतो.

रीमा कागतींचा हा पिक्चर फेब्रुवारीच्या शेवटी लागला. शेख नासिर यांनी पंचवीस वर्षांपूर्वी 'मालेगाव के शोले' काढला, त्या दोस्तांची कहाणी. आदर्श गौरव नासिर झालाय, विनीत कुमार सिंग लेखक फरोग. आणि शशांक अरोरा शफीक, जो लूमवर काम करत होता आणि पुढे मालेगावचा सुपरमॅन झाला, कॅन्सर झालेला असताना. माझ्या शेजारी बसलेला माणूस शफीकला ओळखणारा होता. इंटरव्हलनंतर तो पडद्याकडे बघतच नव्हता, मान खाली.

एक तक्रार. लूमचा आवाज मला कमी वाटला. खऱ्या कारखान्यात शंभर लूम चालू असताना कानात ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. आमच्याकडचा कारीगर घरी आला तरी ओरडूनच बोलतो, बायको म्हणते, "मी समोरच आहे." पिक्चरमध्ये लोक फार सभ्य आवाजात बोलतात.

ज्यांना खरं बघायचं त्यांनी फैजा अहमद खान यांची जुनी डॉक्युमेंटरी बघा, 'सुपरमेन ऑफ मालेगाव', २००८ ची. सायकलवर कॅमेरावाला बसवून मागून ढकलतात, ती ट्रॉली. बैलगाडीचं जू वर-खाली करतात, ती क्रेन. सुपरमॅन हवेत उडावा म्हणून हिरवं कापड. हसून पोट दुखतं आणि मग एकदम घशात काहीतरी अडकतं.

पांझराकाठ

पाहिली आहे. उत्तम. पण मालेगाव नाशिक जिल्ह्यात, विषय खान्देशचा चालू आहे.

लूमचा खडखडाट

काका, ही बात इंग्रजांना सांगा, त्यांनी काढलं आम्हाला खान्देशातून. आमच्या कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात आजही बाजारात अहिराणी ऐकू येते. मोसम नदी गिरणेलाच मिळते आणि गिरणा तुमच्या तापीला. पाणी जिल्हा विचारत नाही.

पांझराकाठ

बरं बाबा, ये.

तापीकाठ

मी शहाद्याकडचा. मराठीमा लिखता येस पन आज अहिरानीमाच लिखस. लूमवाला भो, तुन्हा गाववाला सायकलवर कॅमेरा ठी पिच्चर बनाडस, मंग आम्हना अहिरानीमा मोठा पिच्चर काबर नही बनस? मोबाइलवर कॉमेडीना व्हिडिओ ढीगभर शेतस. लाखो लोके दखतस. पन त्यामा गडी म्हनजे येडा, बायको म्हनजे भांडखोर, आनि सासू. आम्हनी भाषा फक्त हासाले शे का?

आता मराठीत सांगतो, नाहीतर निम्मे लोक पळतील. माझी आजी वारली तेव्हा बायकांनी जे रडगाणं गायलं ते अहिराणीत होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावर पोरी गातात ते अहिराणी. कानबाई देवीला रात्रभर जागून गातात ते अहिराणी. म्हणजे या भाषेत रडता येतं, मागता येतं, देवीला रागावता येतं. पडद्यावर आली की तिला फक्त धोतर सुटलेला माणूस मिळतो.

कळण्याची भाकर

एकदम बरोबर. आणि आमची लेवा बोली तर कॉमेडीतही नाही. बहिणाबाईंच्या पुण्याईने वर्षातून एकदा आठवते लोकांना.

आखाजीचा झोका

बहिणाबाईंचं नाव निघालं म्हणून बोलते. १९६१ च्या 'मानिनी' पिक्चरमध्ये त्यांच्या ओव्या घेतल्या होत्या. असोद्यात जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बाईचे शब्द सगळ्या महाराष्ट्राच्या रेडिओवर वाजले, तेही त्या गेल्यानंतर दहा वर्षांनी. त्यामुळे आपली बोली पडद्यावर कधी गेलीच नाही असं नाही. गेली, ती गाण्यापुरती. संवादात नाही.

मी अमळनेरला शाळेत शिकवते. या महिन्यात आठवीच्या मुलांना वर्गात प्रोजेक्टरवर 'श्यामची आई' दाखवला. सुजय डहाकेंचा, २०२३ चा. त्याला ऑगस्टमध्ये सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक जाहीर झालं, म्हणून मुख्याध्यापकांनी लगेच परवानगी दिली. एरवी "पोर्शन झाला का?" विचारतात.

पिक्चर सुरू झाला आणि मागच्या बाकावरून आवाज, "बाई, केबल ढिली आहे, कलर येत नाही." कृष्णधवल आहे म्हटल्यावर वर्गात नाराजी. दहा मिनिटं चुळबुळ. पुढे आई श्यामला पाण्यात ढकलते तिथे सगळे गप्प. ओम भुतकरचा साने गुरुजी त्यांना जास्त आवडला, कारण "ते आपल्या गावचे सर आहेत ना?" गुरुजी १९२४ ते १९३० इथेच प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, छात्रालय सांभाळत होते. गोष्ट कोकणातली आणि लिहिली नाशिकच्या तुरुंगात, पण श्याम ज्या मुलांना ती सांगतो ती मुलं गुरुजींना कुठे भेटली? मी तरी वर्गात ठणकावून सांगितलं, तुमच्या बाकांवर.

नंतर घरी मी १९५३ चा अत्रेंचा पुन्हा पाहिला. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलेला. तुलना करू नये म्हणतात, मी केली. जुन्यातली आई रागावते तेव्हा भीती वाटते. नव्यातली रागावते तेव्हा चित्र फार सुंदर दिसतं. याच अत्रेंनी आदल्याच वर्षी बहिणाबाईंच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली होती. दोन वर्षांत दोन आया, असं मी मुलांना सांगितलं. त्यांना काही विशेष वाटलं नाही. घंटा झाली होती.

पांझराकाठ

झोका ताई, छान लिहिलंत. आता माझी पाळी. माझा मुद्दा एकच आणि तो मी मरेपर्यंत सोडणार नाही: स्मिता पाटील आमची. जन्म पुण्यात, नाव मुंबईत, पण वडील शिवाजीराव गिरधर पाटील म्हणजे शिरपूरचं घर. गेल्या वर्षी जूनमध्ये 'मंथन' पुन्हा थेटरात लागला. त्याच्या आधी तो फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवून आला होता, नवी प्रिंट करून. जवळ कुठे नाही म्हणून मी एसटीने नाशिकला गेलो, बायको म्हणाली, डोकं फिरलंय. फिरलंच होतं. १९७६ चा पिक्चर, गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला. त्यात बिंदू म्हशीशेजारी उभी आहे, काही बोलत नाही, नुसतं बघते. त्या बघण्याला मी सत्तर वर्षांचा म्हातारा आजही उत्तर देऊ शकत नाही.

दूध संघाचं राजकारण ज्याने धुळे-जळगावात जवळून पाहिलंय त्याने 'मंथन' बघावा. गावचा सरपंच निवडणुकीत हरतो आणि संघच मोडायला निघतो. आपल्याकडे संघ मोडत नाहीत, फॅट कमी दाखवतात.

मिरचीची पथारी

काका, स्मिता पाटील म्हटलं आणि मला राहवलं नाही. नंदुरबारची आहे मी, आजवर नुसती वाचत होते. दिवाळीत 'मिर्च मसाला' पाहिला, केतन मेहतांचा. ती गेल्यानंतर, १९८७ ला आलेला. गावातल्या बायका मिरचीच्या कारखान्यात स्वतःला कोंडून घेतात, बाहेर सुभेदार नसीरुद्दीन, दारावर म्हातारा पहारेकरी ओम पुरी.

माझ्या आईने बारा वर्षं पथारीवर काम केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नंदुरबारला मिरचीचा मोठा बाजार आहे. ओली लाल मिरची शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर पसरतात, त्याला पथारी म्हणतात. लांबून बघितलं तर जमिनीला आग लागल्यासारखं दिसतं, फोटो काढायला लोक येतात. जवळ गेलं की शिंका. बायका ओळीने बसून देठ खुडतात. तोंडाला फडकं, हाताला तेल. तेल लावलं तरी रात्री बोटं चुलीजवळ नेता येत नाहीत. आई मला लहानपणी भाकरीचा घास भरवायची नाही, मावशी भरवायची. डोळ्यांना हात लागेल म्हणून.

शेवटी बायका मिरचीपूड भरभरून सुभेदारावर फेकतात. सगळे टाळ्या वाजवतात तो सीन. आईने पाहिला आणि म्हणाली, "इतकी पूड उडाली तर आधी त्यांचाच जीव जाईल. बघ, एकीलाही खोकला नाही." मग थोडं थांबून, "पण फेकायला पाहिजे होतीच."

मेहरूणची बोरं

पथारी ताई, तुम्ही आजवर का लिहीत नव्हतात?

मिरचीची पथारी

सगळे टोरोंटो आणि कान बोलत होते. मला वाटलं आमच्या आईचं इथे कशाला.

कळण्याची भाकर

टोरोंटोच्या भरिताला आपल्या वांग्याची सर नाही ताई, लिहीत राहा.

उधना पॅसेंजर

मी सुरतेत राहतो, उधन्याला. मूळ शिंदखेडा तालुका. वडील ऐंशीच्या दशकात लूमवर आले ते इथलेच झाले. इकडे लिंबायत-उधन्यात फिरलात तर गुजरातीपेक्षा अहिराणी जास्त ऐकू येईल, कानबाई आमच्याकडे तुमच्यापेक्षा मोठी बसते. पण मराठी पिक्चर? नाव काढू नका.

'होमबाउंड' पाहिला, नीरज घायवानचा. दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान, दोघांना पोलीस भरती हवी. फॉर्म भरताना एक जण राखीव रकाना सोडून सर्वसाधारणवर खूण करतो, तो सीन माझ्या घरात दोनदा झालाय. नोकरी लागत नाही, मग सुरत. कापडाची गिरणी. आणि मग मार्च २०२०. खऱ्या घटनेवर आहे, बशारत पीर यांनी त्याच साली त्यावर लेख लिहिला होता. ते दोघं सुरतेहूनच निघाले होते, माझ्या शहरातून.

ते उत्तरेला गेले. आमचे पूर्वेला गेले. माझा चुलतभाऊ आणि त्याच्या खोलीतले चौघं उधन्याहून तापी लाइनच्या, म्हणजे सुरत-भुसावळ रेल्वेच्या, रुळावरून चालत निघाले. रस्त्याला पोलीस, म्हणून रूळ. भाऊ सांगतो, रुळावर चालणं फार वाईट. दोन स्लीपरमधलं अंतर माणसाच्या पावलाचं नसतंच. एक-एक घेतला तर पाऊल तोकडं पडतं, एक सोडून टाकला तर मांडी भरून येते. मध्ये खडी. पहिल्या दिवशी चपला गेल्या. नवापूरला पोचले तेव्हा स्टेशनची गंमत आठवली म्हणे. ते स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. फलाटाच्या या टोकाला एक राज्य, त्या टोकाला दुसरं. एरवी लोक तिथे फोटो काढतात. हे पाच जण मधोमध बसले आणि कुठल्या बाजूचा पोलीस आधी येतो ते बघत होते.

पिक्चरमध्ये आईच्या भेगाळलेल्या टाचा दाखवल्यात, त्या बघताना भाऊ माझ्या शेजारी होता. त्याने नुसता स्वतःचा पाय खुर्चीखाली मागे ओढला.

कळण्याची भाकर

पॅसेंजर भाऊ, मी रेल्वेत ट्रॅकवर आहे. किलोमीटरला साधारण सोळाशे साठ स्लीपर, म्हणजे दोघांमध्ये साठ सेंटिमीटर. आम्ही गँगवाले रोज चालतो, आम्हाला सवय. सवय नसलेला माणूस दहा किलोमीटरला बसतो. त्या दिवसांत आमच्या सेक्शनला पण लोक येत होते. आम्ही डबा द्यायचो. यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

दांडपट्टा

'होमबाउंड' बघतो.

तापीकाठ

झटपट बाकीचं: 'दशावतार' पाहिला. प्रभावळकर ऐंशी ओलांडून जे करतात त्याला तोड नाही, पण उत्तरार्ध खाणवाल्यांच्या मारामारीत गेला. कोकणवाल्यांचं एक बरं आहे, त्यांची सोंगं पडद्यावर येतात. आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या भोवाड्याचे, म्हणजे आदिवासी सोंगांच्या नाचाचे, मुखवटे कोणी दाखवेल तो सुदिन. 'जारण' रात्री एकट्याने पाहिला, चूक केली. अमृता सुभाष भारी.

आखाजीचा झोका

'जारण' बद्दल सहमत. आमच्या शेजारच्या काकूंनी बघून लगेच लिंबू-मिरची बदलली.

मेहरूणची बोरं

मी सुरू केला तेव्हा वाटलं होतं पाच-सहा पोस्ट येतील. पाच माणसं जमली की शो लागतो, या हिशेबाने आपला कधीच लागला.

कळण्याची भाकर

बोरं ताई, पाच माणसांवरून आठवलं, सांगूनच टाकतो. मे महिन्यात 'आता थांबायचं नाय' लागला होता. मुंबई महापालिकेतले सफाईवाले, चतुर्थ श्रेणीचे लोक, रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात. दुपारचा शो, मी आणि दोन कॉलेजच्या पोरी. खिडकीवर तेच, पाच पाहिजेत. माझी नाइट झालेली, झोप गेलेली, डोकं तापलेलं. म्हटलं, दोन तिकिटं जास्तीची दे. बाहेर जाऊन वॉचमनला धरलं आणि समोरच्या टपरीवरच्या पोराला. पोरगा म्हणजे वीसेक वर्षांचा, नववीत शाळा सोडलेला. पाच झाले. शो लागला!

वॉचमन पहिल्या दहा मिनिटांत झोपला, घोरला सुद्धा. टपरीवाला पुढच्या रांगेत सरळ बसून बघत होता, पाठ टेकली नाही त्याने. इंटरव्हलला मात्र त्याच्या सेठचा फोन आला, चारची गिऱ्हाइकी सुरू झाली म्हणून. उठला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताना थांबलो. मला बघून पातेलं गॅसवर ठेवलं, आलं ठेचलं आणि खाली मान घालून विचारलं, "भाऊ, झाले का पास ते लोकं?"

मग मी सगळा उत्तरार्ध सांगितला. गणिताच्या पेपरासकट. तो ऐकत राहिला आणि चहा उतू गेला, अर्धं पातेलं. पैसे माझ्याकडूनच घेतले त्याने.